पडलेले लाकूड व त्यावरील बुरशी

कुंपणाला पुरलेला खांब कोठे मोडतो हे शेतकरी बंधूंस सांगावयास नको. तो जमिनीबरोबर मोडतो. मोडलेला खुंट खणून पाहावा तर हातभर खोल, घट्ट मातीत बसलेला भाग पुष्कळदा शाबूत निघतो. वर उन्हात उभा असलेला भागही खणखणीत असतो. मधला चार बोटांचा पट्टा मात्र भुसा होऊन गेलेला असतो. लाकूड नुसत्या पाण्याने कुजत असते तर खालचा भाग आधी जावयास हवा होता. उन्हाने जात असते तर वरचा. वयाने म्हणावे, तर तिन्ही भागांचे वय एकच. मग त्या चार बोटांतच असे काय घडते?

ह्या प्रश्नाचे उत्तर कुंपणापाशी बसून मिळावयाचे नाही. त्यासाठी थोडा वेळ रानात गेले पाहिजे. कारण लाकूड कसे संपते हे जेथे रोज चालू असते ते ठिकाण म्हणजे रानात आडवा पडलेला ओंडका होय.

रानातील ओंडका

आपल्या खानदेशास तिन्ही अंगांनी रान आहे. उत्तरेस यावल व रावेर तालुक्यांच्या डोक्यावर सातपुडा असून त्यात पालचा प्रदेश व यावलचे अभयारण्य आहे. दक्षिणेस चाळीसगावाजवळ पाटणादेवीचे रान आहे. पश्चिमेकडे शिरपूर तालुक्यात अनेर धरणाभोवतीचे अभयारण्य आहे. ही सर्व राने कोरड्या हवेतील, पानझडीची. त्यांत साग, अंजन, सालई, धावडा, खैर, तिवस, मोह, पळस ही झाडे मुख्य. आठ महिने ही राने कोरडी असतात, आणि मृगापासून हस्तापर्यंत जो काय पाऊस पडेल त्यावर वर्षाचा सारा व्यवहार चालतो.

श्रावण-भाद्रपदात ह्या रानातून चालत जावे आणि वाऱ्याने पडलेल्या एखाद्या सालईच्या ओंडक्याजवळ थांबावे. सालीच्या फटींतून नखाएवढे, करड्या-पांढऱ्या रंगाचे, केसाळ पंखे बाहेर आलेले दिसतील. उलटे करून पाहिल्यास खालच्या बाजूस देठापासून कडेपर्यंत बारीक रेषा पसरलेल्या असून प्रत्येक रेषा उभी चिरलेली असते. शास्त्रात ह्यास शायझोफायलम म्हणतात. जगातील बहुतेक सर्व उष्ण देशांत ही बुरशी मेलेल्या लाकडावर आढळते. आपल्या आंब्याच्या वाळल्या फांदीवरही ती असते. शेजारीच दुसऱ्या ओंडक्यावर शेंदरासारख्या रंगाचे पातळ फळकूट चिकटलेले दिसते. त्याचे नाव पिक्नोपोरस. एकावर एक रचलेल्या, वलये असलेल्या चामड्यासारख्या चकत्या दिसल्या तर ती ट्रॅमेटिस. ओल्या लाकडावर कानाच्या पाळीसारखी लिबलिबीत वाढ दिसली तर ती ऑरिक्युलॅरिया. विझलेल्या कोळशाच्या गोळ्यासारखी काळी गाठ असेल आणि कापल्यावर आत वर्तुळाकार रेघा दिसतील तर ती डाल्डिनिया. उभ्या झाडाच्या बुंध्याशी, रोगण लावल्यासारखे तांबूस चकचकीत व लाकडासारखे कठीण फळकूट असते ते गॅनोडर्माचे. कोकणात फणसाच्या झाडावर येणाऱ्या अशाच कठीण बुरशीस 'फणसांबा' म्हणतात व ती उगाळून घरगुती औषधात वापरितात. म्हणजे ही वस्तू आपल्या लोकांस अपरिचित नाही. तिचे काम मात्र फारसे कोणी पाहिलेले नसते.

बुरशी खाते कशी

जे फळकूट किंवा जी छत्री आपणांस दिसते ती बुरशीचे केवळ फळ होय. आंब्याचे झाड सारे जमिनीत गाडलेले असावे आणि फक्त कैऱ्या वर लोंबाव्या, तसा हा प्रकार आहे. खरी बुरशी लाकडाच्या आत असते. ती केसापेक्षाही कितीतरी बारीक अशा पांढुरक्या तंतूंची बनलेली असून ते तंतू लाकडाच्या पेशीपेशींतून वाट काढीत पुढे सरकतात. त्यांस तोंड नाही व पोटही नाही. ते आपल्या अंगातून पाचक रस बाहेर सोडितात, लाकूड जागच्या जागी विरघळवितात आणि तयार झालेला साखरेचा अंश शोषून घेतात. आपण अन्न पोटात घालून पचवितो. बुरशी अन्नात शिरून ते पचविते.

लाकूड मुख्यतः तीन द्रव्यांचे बनलेले आहे. शेकडा ४० ते ५० भाग सेल्युलोज असते. कापसाचा तंतू जवळजवळ ह्याच द्रव्याचा असतो. शेकडा २० ते ३० भाग हेमिसेल्युलोज नावाचे त्याचेच भावंड, आणि तितकेच लिग्निन. सेल्युलोज हे कुडाच्या भिंतीतील काड्यांसारखे व लिग्निन हे त्यांवर थापलेल्या चिखलासारखे समजावे. लिग्निनामुळे लाकूड कठीण होते, आणि फारच थोड्या जीवांस ते पचविता येते.

ह्या कामात बुरशींचे दोन मुख्य वर्ग पडतात. काही बुरशी लिग्निनासकट सारे खातात. त्यांनी खाल्लेले लाकूड पांढुरके, हलके व धाग्याधाग्यांचे होते. ह्यास पांढरी कूज म्हणतात. ट्रॅमेटिस, गॅनोडर्मा व पिक्नोपोरस ह्या त्या वर्गातल्या. दुसऱ्या वर्गातील बुरशी सेल्युलोज तेवढे काढून नेतात व लिग्निन बहुतेक तसेच ठेवितात. मागे राहिलेले लाकूड तांबूस-तपकिरी होते, आडवे-उभे तडकून त्याचे चौकोनी ठोकळे पडतात आणि बोटांनी चोळल्यास तपकिरीसारखी पूड होते. ही तपकिरी कूज. घराच्या दृष्टीने ही दुसरी अधिक कपटी समजावी. कारण लाकडाचे वजन दहावा हिस्साही घटले नसेल तोच त्याचे आघात सोसण्याचे बळ निम्म्याने नाहीसे झालेले असते. तुळई दिसावयास धडधाकट, आणि आतून तिच्यात काही राहिलेले नाही, असे होते.

बुरशीचा प्रसार बीजकणांनी होतो. हे कण इतके सूक्ष्म की ते धुरासारखे उडतात. गॅनोडर्माच्या एका मोठ्या फळकुटापासून एका दिवसात सुमारे ३००० कोटी बीजकण बाहेर पडतात अशी गणना झालेली आहे. त्यांतील एखाद्यासच योग्य जागा सापडते. पण संख्या एवढी असल्यामुळे बुरशीचे बी जेथे पोहोचत नाही अशी जागा शोधून सापडणार नाही. सबब लाकडाचे रक्षण 'बी येऊ न देणे' ह्या मार्गाने होणार नाही. आलेल्या बीजास रुजू न देणे एवढेच आपल्या हाती आहे.

चार गरजा

रुजण्यास बुरशीला चार गोष्टी लागतात: अन्न, ओल, हवा व ऊब. चारही एके ठिकाणी आल्या म्हणजे लाकूड कुजते. त्यांतील एक काढून घेतली की काम थांबते.

ओलीचे प्रमाण ठरलेले आहे. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या शेकडा २० हून कमी पाणी त्यात असेल तर बुरशीचे काही चालत नाही. शेकडा ३० च्या आसपास व त्यापुढे ते चांगले चालते. उलट लाकूड पाण्यात पूर्ण बुडून राहिले तर त्यातील हवा निघून जाते व बुरशी गुदमरते. म्हणूनच जुन्या विहिरीच्या बांधकामाखाली बसविलेले लाकडी चक्र पिढ्यानपिढ्या पाण्यात टिकते. ऊब म्हणाल तर २० ते ३५ अंश सेंटिग्रेड हवा बहुतेक बुरशींस मानविते, आणि आपल्या पावसाळ्यात ती आयतीच मिळते.

आता आरंभीच्या खांबाकडे पाहावे. खोल मातीत ओल आहे, पण हवा तुटपुंजी. वर हवा आहे, पण पाऊस थांबताच लाकूड वाळते. जमिनीबरोबरच्या चार बोटांतच ओल व हवा दोन्ही दीर्घकाळ एकत्र राहतात. बुरशीने तेवढाच भाग खाल्ला, कारण तेवढ्यातच तिला पोट भरून खाता आले.

राहिले अन्न. सर्व लाकूड बुरशीस सारखे गोड लागत नाही. झाड आपल्या खोडाच्या गाभ्यात काही विषारी द्रव्ये साठवून ठेविते; गाभ्याचा गडद रंग पुष्कळ अंशी त्यांचाच असतो. बाहेरच्या फिकट लाकडात ती नसतात व वर साखर-पिष्ट असते. म्हणून सागाचेही बाहेरचे पांढरे लाकूड लवकर कुजते आणि गाभा टिकतो. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत लाकडाच्या खुंट्या जमिनीत पुरून त्या किती काळ टिकतात हे पाहण्याची जुनी वहिवाट आहे. सरासरी १२० महिने वा अधिक टिकणारे लाकूड पहिल्या वर्गाचे, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या व ६० महिन्यांहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गाचे धरितात. साग, खैर व आपल्या खानदेशच्या डोंगरांचे भूषण जो अंजन, ह्यांचा गाभा पहिल्या वर्गात बसतो. अंजनाचे लाकूड तर पाण्यात टाकिले असता बुडावे इतके जड असते. आंबा, सावर, सालई ही तिसऱ्या वर्गातील. लाकूड विकत घेताना केवळ जातीचे नाव न विचारता त्यात गाभा किती व फिकट भाग किती हे पाहून किंमत करावी, असा ह्याचा अर्थ.

आपल्या कोरड्या हवेत आणखी एक चमत्कार दिसतो. वैशाखात ओंडक्यावरील नखाएवढे पंखे वाळून, आत वळून, मेल्यासारखे दिसतात. ते मेलेले नसतात. पहिल्या सरीबरोबर ते उलगडतात व काही तासांत पुन्हा बीजकण सोडू लागतात. शायझोफायलमचे कोरडे करून काचनळीत बंद ठेविलेले नमुने ५० वर्षांनंतर ओले केले असता पुन्हा कामास लागले, असे प्रयोगाने दिसून आलेले आहे. म्हणजे कोरडेपणाने बुरशी झोपते, मरत नाही. एकदा कुजू लागलेली तुळई उन्हाळ्यात 'बरी झाली' असे कोणी समजू नये.

वाळवीचा वाटा

येथे कोणी म्हणेल, आमच्याकडे लाकूड बुरशी खात नाही, वाळवी खाते. हे पुष्कळसे खरे आहे. पण ह्या दोघांचे मूळ नाते पाहण्यासारखे आहे. आपल्या शेतांत जी वारुळे बांधणारी वाळवी असते तिला लाकडातील लिग्निन स्वतः नीट पचविता येत नाही. ती लाकूड व पालापाचोळा कुरतडून वारुळात नेते, त्याची मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार ढेपळे रचिते व त्यांवर एका विशिष्ट बुरशीची लागवड करिते. बुरशीने मऊ केलेले ते अन्न मग सारे वारूळ खाते. पावसाळ्यात वारुळातून जी पांढरी मोठी अळंबी वर येते ती ह्याच लागवडीचे फळ. म्हणजे वाळवी हीदेखील एक शेतकरीच आहे, आणि तिचे पीक बुरशी आहे.

रानाला ह्याचा उपयोग

एक मोठे झाड पन्नास-शंभर वर्षे जमिनीतून चुना, पालाश, स्फुरद इत्यादी द्रव्ये ओढून घेऊन आपल्या अंगात साठविते. ते पडल्यावर ती ठेव परत कशी मिळावयाची? वणवा लागला तर वाळका ओंडका एका रात्रीत जळतो. त्यातील नत्र धुराबरोबर उडून जाते आणि राख उताराच्या जमिनीवरून पहिल्या जोराच्या पावसाने नाल्यात वाहून जाते. बुरशी हेच काम पुष्कळ वर्षे घेऊन करिते. ती ठेव थोडीथोडी मातीत सोडिते, आणि शेवटी जो काळसर भुगा उरतो तो पाणी धरून ठेवितो. उन्हाळ्यात कुजक्या ओंडक्याखालची माती उकरून पाहिली तर आसपासची जमीन कोरडी ठणठणीत असताही तेथे ओल सापडते. बी पडून रोप जगण्यास ती जागा बरी असते. सातपुड्याच्या उतारावर जी माती आहे ती टिकण्यात व तेथील पाणी हळूहळू झिरपून सुकी, अनेर अशा नद्यांस मिळण्यात ह्या भुग्याचा वाटा आहे, आणि त्याच नद्यांच्या आधाराने खाली आपल्या केळीच्या बागा उभ्या आहेत.

उभ्या झाडातही बुरशी काम करिते. फांदी मोडलेल्या जागेतून ती आत शिरते व गाभा पोखरते. त्याची ढोली होते. ढोलीत पोपट, साळुंकी, घुबडे राहतात. सुतारपक्षी स्वतः ढोली कोरतो, पण तोही बहुधा बुरशीने मऊ झालेली जागा पसंत करितो. ह्या संबंधाचा एक प्रसिद्ध दाखला आपल्याच भागातील आहे. रानपिंगळा नावाचे लहान घुबड १८८४ नंतर ११३ वर्षे कोणाही पक्षिशास्त्रज्ञास आढळले नव्हते. ते नाहीसे झाले असे पुष्कळांस वाटू लागले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांस ते शहादे-तळोदे भागातील सातपुड्याच्या रानात पुन्हा सापडले. हे तालुके तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यावर ते त्यात गेले. पुढे यावलच्या रानातही ह्या पक्ष्याची नोंद झाली. रानपिंगळा घरटे करितो ते झाडांच्या ढोलींत. जुने, पोकळ, 'निकामी' म्हणून तोडलेले प्रत्येक झाड त्याचे एक घर कमी करिते. आपल्या बांधावरील पोकळ झाडाविषयीही हाच विचार करावा. त्यात राहणारे घुबड रात्रभर शेतातील उंदीर टिपते, आणि त्याबद्दल मजुरी मागत नाही.

घरात ती नको

रानात जी बुरशी उपकार करिते तीच घरात आली म्हणजे नुकसान करिते. तिला रान आणि घर ह्यांत भेद कळत नाही. तो आपण करून द्यावयाचा असतो. उपाय सर्व वरील चार गरजांवरून निघतात, आणि त्यांत ओल काढून घेणे हा पहिला.

आपल्या जुन्या घरांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा करीत. ही शोभा नव्हे; जमिनीची ओल खांबात चढू नये ह्यासाठी ती योजना होती. फरशी नवी करिताना तळखडा सिमेंटात गाडून टाकण्याची चाल पडली आहे, ती चुकीची आहे. धाब्याच्या घरात धोक्याची जागा म्हणजे तुळईचे भिंतीत शिरलेले टोक. धाबे गळले की पाणी भिंतीत मुरते व ते टोक महिनोन्‌महिने ओले राहते. म्हणून पावसाळ्यापूर्वी धाब्यावरील माती दाबून उतार व पन्हळी नीट कराव्या, आणि तुळईच्या टोकाभोवती बोटभर फट हवेस मोकळी ठेवावी. दरवर्षी दिवाळीच्या आसपास, घर झाडावयास काढिले म्हणजे, अणकुचीदार टोचा घेऊन प्रत्येक तुळईचे टोक व खांबाचा पाया तपासावा. टोच्याने उचकटल्यास चांगल्या लाकडाची लांब चिळपी निघते. कुजलेल्याचा तुकडा चटकन आखूड तुटतो. लाकूड ठोकले असता बद आवाज आला तरीही संशय घ्यावा. पांढरे तंतू किंवा फळकूट दिसू लागले असेल तर कूज पुष्कळ पुढे गेलेली आहे असे समजून खालून टेकू देण्यास विलंब करू नये. अशी तुळई डोक्यावर पडून माणूस गेल्यावर तिची किंमत करण्यात अर्थ नाही.

नवे लाकूड सालीसकट पावसात पडू देऊ नये. साल काढावी, जमिनीपासून वीतभर उंच, मधे पट्ट्या घालून छायेत रचावे व पूर्ण वाळल्याखेरीज वापरू नये. बैलगाडी, औत, वखर ही छपराखाली व दगडांवर ठेवावी. कुंपणास खांब पुरावयाचे तर गाभ्याचे घ्यावे, आणि खांबाभोवतीची माती उतरती करावी, म्हणजे तेथे पाणी साचणार नाही.

लाकडास औषध लावण्याची विद्याही आपल्या देशात पुढे गेलेली आहे. तांबे, क्रोमियम व सोमल यांच्या क्षारांचे मिश्रण लाकडात मुरविण्याची जगभर पसरलेली रीत १९३३ साली डेहराडूनच्या संस्थेत सोंती कामेशम यांनी शोधून काढिली. मात्र सोमलामुळे पुष्कळ देशांनी घरगुती कामासाठी तिच्यावर निर्बंध घातले आहेत. अशा औषधी खांबांचे तुकडे चुलीत कधीही जाळू नयेत व गव्हाणीस वापरू नयेत. घरातील कोरड्या लाकडास टाकणखार व बोरिक आम्ल यांचे द्रावण तुलनेने निर्धोक. पण ते पावसात धुपून जाते, म्हणून उघड्यावर उपयोगी नाही.

उभ्या झाडांचे रक्षण

आंबा, लिंब, बाभूळ, शिरीष इत्यादी झाडांस बुरशी बहुधा जखमेतून लागते. फांदी छाटताना अर्धा हात खुंट ठेवण्याची सवय असते. तो खुंट वाळतो, त्यावर बुरशी येते व तीच पुढे खोडात उतरते. फांदी खोडालगत, बुडाशी असलेला फुगीर कंगोरा राखून, कोरड्या दिवसांत स्वच्छ करवतीने कापावी व जखमेवर बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. बुंध्याशी गॅनोडर्माचे चकचकीत फळकूट दिसले तर मुळे आधीच गेलेली असतात. केवळ फळकूट काढून उपयोग नाही. ते म्हणजे झाड ठेवून कैरी तोडणे होय. असे झाड वादळात उन्मळण्याचा संभव असतो, म्हणून घराशेजारी वा रस्त्यावर असल्यास काढावे, त्याची मुळे शक्य तितकी खणावी आणि शेजारच्या झाडांकडे रोग मुळांवाटे जाऊ नये म्हणून मधे दोन-तीन फूट खोल चर घ्यावा. त्याच खड्ड्यात लगेच नवे कलम लावू नये.

शेतात ती हवी

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. खानदेशात दरवर्षी कपाशी निघाल्यावर शेतोशेती पऱ्हाट्यांचे ढीग पडतात. पऱ्हाटी हेही लाकूडच आहे. थोडी चुलीत जाते, बाकीची पुष्कळ ठिकाणी बांधावर पेटवून देतात. म्हणजे रानात जो तोटा वणवा करितो तोच आपण स्वहस्ते शेतात करितो. उलट, पऱ्हाटी न जाळिता बांधावर तशीच रचून ठेविली तर तिच्यातील वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी उन्हाळा काढते. २०१७ साली ह्या अळीने महाराष्ट्रात केलेले नुकसान अद्याप कोणी विसरलेले नाही. तेव्हा जाळणेही नको व ठेवणेही नको. पऱ्हाटी बारीक करून बुरशीच्या स्वाधीन करावी.

ह्यात एक सावधगिरी अवश्य पाहिजे. लाकडात कर्ब फार व नत्र अत्यल्प असते. त्याचे प्रमाण कित्येक शेकड्यांस एक इतके असू शकते. बुरशीस आपले अंग वाढविण्यास नत्र लागते व ते ती भोवतालच्या मातीतून ओढून घेते. म्हणून ताजा लाकडी भुसा किंवा पऱ्हाटीचे तुकडे पेरणीच्या तोंडावर शेतात गाडले तर पीक पिवळे पडते, आणि शेतकरी म्हणतो की ह्या खताने नुकसान केले. खरे पाहता ते खत झालेलेच नसते. कूज आधी ढिगात करून घ्यावी व मगच शेतात न्यावी.

त्याची रीत अशी. पऱ्हाटीचे यंत्राने दोन-तीन इंचांचे तुकडे करावे. छायेच्या जागी वीतभर जाड थर देऊन त्यावर शेणकाला व गोमूत्र शिंपडावे. हिरवा पाला किंवा थोडा युरिया दिल्यास नत्राची उणीव भरून निघते. ट्रायकोडर्मासारखी कूज करणारी बुरशी मिळाल्यास शेणकाल्यात मिसळावी. असे थर कमरेइतके उंच रचून वर ओला गवताचा किंवा मातीचा लेप द्यावा. ओल किती ठेवावी हे मुठीने ओळखावे: ढिगातील मूठभर माल दाबला असता हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. महिन्या-दीड महिन्याने ढीग उलथावा, म्हणजे हवा मिळेल. आत हात घालवणार नाही इतकी ऊब पहिल्या पंधरवड्यात आली की काम नीट चालले असे समजावे. त्या उष्णतेने अळ्या व कोषही मरतात. चार ते सहा महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारे खत तयार होते. केळीचे खुंट व वाळली पानेही ह्याच ढिगात घालिता येतात.

लाकूड खाणाऱ्या बुरशीपासून अन्नही मिळते. बाजारात धिंगरी नावाने विकली जाणारी अळंबी मूळची मेलेल्या लाकडावरील, पांढरी कूज करणाऱ्या वर्गातील आहे. गव्हाचा भुसा, सोयाबीनचे कुटार किंवा पऱ्हाटीचे तुकडे भिजवून, गरम पाण्याने वा वाफेने निर्जंतुक करून पिशव्यांत भरितात व त्यांत बियाणे घालितात. एक किलो कोरड्या भुशापासून साधारणतः अर्धा ते पाऊण किलो ताजी अळंबी मिळते, आणि उरलेला भुसा खताच्या ढिगात जातो. आपल्याकडे पावसाळ्यापासून माघापर्यंतचे दिवस ह्यास अनुकूल. उन्हाळ्यात ती साधत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीवर संशोधन चालते. बियाणे व शिक्षण अशाच संस्थेतून घ्यावे.

येथे एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. रानातील किंवा बांधावरील अनोळखी छत्री खाऊ नये. चांदीचे नाणे काळे पडते की नाही, गुरे खातात की नाही, किडे लागले आहेत की नाही, ह्या सर्व परीक्षा खोट्या आहेत. विषारी अळंबी शिजवूनही विषारी राहते, आणि तिचा परिणाम कित्येकदा सहा-बारा तासांनी, उपाय अवघड झाल्यावर दिसू लागतो.

सारांश, लाकूड आपोआप कुजत नाही. ते कोणीतरी खाते, आणि त्याला लागते काय हे आपणांस ठाऊक आहे. ओल व हवा कोठे एकत्र येऊ द्यावयाची व कोठे नाही, एवढे ज्याने ठरविले त्याची तुळई टिकेल व त्याची पऱ्हाटी खत होईल. येत्या हंगामात पऱ्हाटीस काडी लावण्यापूर्वी निदान एका बांधावरचा ढीग वरील रीतीने रचून पाहावा. पावसाळ्याच्या तोंडी तो उकरला म्हणजे, रानातील ओंडका जे करावयास वर्षे घेतो ते आपल्या शेतात काही महिन्यांत झालेले दिसेल.